सातव्या कलमाची चार पानं

१

पहिल्या गठ्ठ्याची दोरी कापली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. अकराच्या आत बाईंना कळून चुकलं, की सहा वर्षांची मेहनत कुणीतरी बिनबोभाट कुरतडून नेली आहे.

पुस्तिका हातात घेताच त्यांना ती हलकी लागली. चाळीस वर्षं कागद हाताळलेल्या माणसाचा हात सहसा फसत नाही. बाई एका वर्तमानपत्रातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेल्या. छापण्याआधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. गावात त्यांना मागून 'कानामात्राबाई' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांनी पुस्तिका उघडली. पान सहा. पुढचं पान अकरा.

दुसरी प्रत घेतली. सहानंतर अकरा. तिसरी, दहावी, दुसऱ्या गठ्ठ्यातली, शेवटच्या गठ्ठ्यातली, सगळीकडे सहानंतर थेट अकरा. पालिकेच्या भांडारात, मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे रिकामे डबे यांच्या मधे, छत्तीस गठ्ठे एकावर एक रचलेले होते. प्रत्येकात पन्नास प्रती. गावातल्या प्रत्येक घराला एक, अशा अठराशे. आणि अठराशेच्या अठराशे प्रतींतला मधला कागद गेलेला होता.

मधल्या त्या एका दुमडलेल्या कागदावर चार पानं होती, आणि त्या चार पानांवर सातवं कलम होतं.

सातवं कलम कशासाठी होतं ते आधी सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी मंडईचं नवं कोरं छप्पर कोसळलं. बाईंचे यजमान घरातला दिवा गेला म्हणून दिवा आणायला गेले होते. बरोबर मुलगा होता. मुलगा वाचला, यजमान गेले. छपराचा ठेका अध्यक्षांच्या मेहुण्याकडे होता, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण कागदावर कुठेच नव्हतं. कागदावर नाही म्हणजे नाहीच, असं चौकशीत ठरलं आणि फाइल बंद झाली.

बाईंनी फाइल बंद होऊ दिली नाही. पाच-सहा जणांची नागरिक समिती उभी राहिली, नव्याचे नऊ दिवस सरल्यावर एकेक जण गळला, आणि शेवटी समिती म्हणजे बाई एकट्या उरल्या. तरीही पालिकेनं 'स्वच्छ कारभाराची नियमावली' मंजूर केली. बारा कलमं. त्यातलं सातवं असं, की पालिकेच्या प्रत्येक सदस्यानं आणि कर्मचाऱ्यानं, पालिकेत काम किंवा ठेका असलेल्या आपल्या नातेवाइकांची नावं दारावरच्या फलकावर लावावीत. लपवलेलं नातं उघड झालं, तर तो ठेका, ती नेमणूक रद्द.

मात्र मंजूर करताना सभेनं एक पाचर मारून ठेवली होती. ठरावापासून साठ दिवसांत नियमावलीची पूर्ण प्रत घरोघर पोचली आणि प्रत्येक घराची सही आली, तरच नियम लागू. नाहीतर ठराव रद्द.

आज एकोणसाठावा दिवस होता.

२

बाई तडक वरच्या मजल्यावर मुख्य कारकुनांच्या खोलीत गेल्या.

मुख्य कारकून म्हणजे पालिकेतला सगळ्यात सरळ माणूस. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. नियमावलीचा मसुदा त्यांनीच लिहिला होता. बाईंच्या यजमानांचे ते मावसभाऊ, वयानं धाकटे. पण कचेरीत हे कुणी बोलत नसे. घरी ते 'भाऊजी' आणि या 'वहिनी', इथे ते 'साहेब' आणि या 'बाई'. आडनाव वेगळं असल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ते फाइल चाळत होते. अंगठ्यावर पानं उलटायची लालभडक रबरी टोपी होती. बाईंना पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "उघडले गठ्ठे? मी अजून एक प्रतही पाहिली नाही. म्हटलं, तुमच्याच हातानं होऊ दे."

"साहेब, घात झाला. सगळ्या प्रतींतला मधला कागद काढून नेलाय कुणीतरी."

त्यांचा हात फायलीवरच थांबला. "अरे देवा," ते म्हणाले, "म्हणजे सातवं कलम सगळंच्या सगळं गेलं."

बाईंनी मान हलवली. डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्यांना ते कचेरीत येऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी भांडाराच्या किल्ल्या कुणाकडे असतात ते विचारलं. तीन किल्ल्या होत्या: भांडारपालाकडे एक, अध्यक्षांकडे एक आणि खुद्द साहेबांकडे एक. गठ्ठे छापखान्यातून शुक्रवारी संध्याकाळी आले, मग तीन दिवस सुट्टी, आणि आज मंगळवार.

साहेबांनी हळूच सुचवलं, की आता एका दिवसात काही होणं कठीण आहे. पुन्हा छापायला कागदच आठवड्यानं येईल. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नये. बाईंना हे त्यांच्या मायेपोटीचं वाटलं. यजमान गेल्यापासून हाच एक माणूस दर रविवारी घरी येऊन बसत होता.

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे," बाई म्हणाल्या. "चोर सापडला तर कागद सापडेल."

३

छापखानेवाला तावातावानं भांडारात आला. आपल्यावर बालंट येणार हे त्याला कळलंच होतं. त्याला बोलू देऊन बाईंनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली. यंत्रावरून निघालेली पहिली प्रत मुद्रितशोधकाची, हा त्यांच्या धंद्यातला जुना रिवाज. शुक्रवारी दुपारी ती त्यांनी स्वतःच्या हातानं उचलली होती. त्या प्रतीत सोळाच्या सोळा पानं होती.

"एक प्रत पुरी निघाली म्हणून सगळ्या पुऱ्या निघाल्या असं नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही नाही केलंत हे."

छापखानेवाला भांडायच्या तयारीत होता, तो पुढे सरकून बघू लागला.

बाईंनी दोन्ही प्रती त्याच्यापुढे उघड्या धरल्या. पुस्तिका मधोमध दोन पिनांनी टाचलेली असते आणि पिनांची टोकं आतल्या बाजूला दुमडलेली असतात. बाईंच्या प्रतीतली टोकं गोलसर होती, यंत्रानं वळवलेली. गठ्ठ्यातल्या प्रतींची चपटी होती, कशानंतरी दाबून बसवलेली, आणि प्रत्येक टोकाला एक बारीक मोड होता. म्हणजे टोकं उघडली, मधला कागद उचलला आणि टोकं पुन्हा मिटली. छापखान्यात करायचं असतं, तर मधला कागद घातलाच नसता. छत्तीसशे पिना उघडायची उठाठेव कोण करील?

छापखानेवाल्याच्या जिवात जीव आला, तशी त्याची नजरही तीक्ष्ण झाली. त्यानं दोरी उचलून पाहिली. आपण गठ्ठ्याला प्लास्टिकची पट्टी लावतो, दोरी नाही, असं तो म्हणाला. शिवाय आपले कामगार गठ्ठा कसाही बांधतात; इथे तर प्रत्येक गठ्ठ्याची गाठ नेमकी मधोमध होती. चोरी करून वर गठ्ठे इतके टापटिपीनं बांधणारा चोर त्यानं पाहिला नव्हता.

राहता राहिला भांडारपाल. याला सगळे 'किल्लीकाका' म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. छापखानेवाल्यानं डोळ्यांनीच बाईंना चिंधी दाखवली.

बाईंनी अंगठ्याची चौकशी केली. डब्याचं झाकण लागलं, असं काका पुटपुटले आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला, तरी थोडा चहा सदऱ्यावर सांडला. काकांचे हात कापत. कुलूपसुद्धा ते दुसऱ्याकडून उघडून घेत. बाईंनी त्यांच्याकडून फक्त नोंदवही मागून घेतली, ज्यात भांडारातून काय गेलं ते लिहिलेलं असतं. शुक्रवारी, सुट्टीच्या आधी: दोन बल्ब, झाडू चार, शाईची बाटली. आज सकाळी दहा वाजता: दोरीचं रीळ एक, साबण, बोटाची रबरी टोपी एक. बाईंनी वही मिटून परत दिली.

मग त्या झाडूवालीला भेटल्या. तिची साक्ष लहानशीच होती. सुट्टीनंतर सगळ्या खोल्या तिनंच झाडल्या. कुठे राख नव्हती, कचऱ्याच्या पेट्यांत फाटका कागद नव्हता, आणि मागच्या अंगणात काही जाळलेलं असतं तर तिला कळलंच असतं, कारण ओरडा तिलाच खावा लागतो.

अठराशे कागद. एका माणसाला डोक्यावरून न्यावा लागेल एवढा बोजा. जाळले नाहीत, फाडले नाहीत. मग गेले कुठे?

४

अध्यक्षांनी बाईंना तासभर बाहेर बसवलं आणि मग फार गोड बोलले. तीनही दिवस ते परगावी एका लग्नात होते. हवं तर फोटो दाखवायला तयार होते. फोटो न पाहताच बाईंनी विचारलं, की सातव्या कलमाचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होणार?

अध्यक्षांना राग आला नाही. आला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बाई, मी कशाला चोरू?" ते म्हणाले. "वाटा की घरोघर. लोक त्यावर भाजी निवडतील, टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घालतील. वाचणार कोण? मी तर म्हणतो, आणखी हजार छापा."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की बाईंना ते पटलं. चोर शोधताना संशयिताचं खरं बोलणं इतकं जिव्हारी लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

अध्यक्षांनी उत्सुकतेपोटी खण उघडून एक जुनी प्रत काढली. छापण्याच्या आठवडाभर आधी, कुठला मजकूर कुठल्या पानावर येणार हे दाखवणारी एक कच्ची प्रत मान्यतेसाठी दोघांकडेच गेली होती: एक अध्यक्षांकडे आणि एक मुख्य कारकुनांकडे. अध्यक्षांनी बोट ओलं करून पानं मोजली. "मधला कागद म्हणजे सात ते दहा. हं. सहावं कलम गेलं आणि सातवं अर्धं. अर्धं उरलंय की! तेवढ्यावर भागवा."

"सहावं?"

"हे काय. तुम्हीच पाठवलीत ना?"

बाईंनी ती प्रत हातात घेतली. अध्यक्षांचं म्हणणं बरोबर होतं. कच्च्या प्रतीत सुरुवातीला दोन पानं अध्यक्षांचा फोटो आणि संदेश होता. त्यानंतर कलमं. त्या हिशेबानं सातवं कलम नऊ ते बारा या पानांवर येत होतं.

पण शुक्रवारी दुपारी, यंत्र सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, बाईंनी एक आगाऊपणा केला होता. या माणसाचा फोटो उघडल्या उघडल्या दिसायला नको, म्हणून छापखानेवाल्याला सांगून तो संदेश त्यांनी शेवटी टाकायला लावला. सगळी कलमं दोन पानं अलीकडे सरकली, आणि सातवं नेमकं मधल्या कागदावर येऊन बसलं. हे दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि छापखानेवाल्याला. आणि ज्यानं छापलेली पुस्तिका उघडून पाहिली असेल, त्याला.

'मी अजून एक प्रतही पाहिली नाही.'

'म्हणजे सातवं कलम सगळंच्या सगळं गेलं.'

बाईंनी खुर्चीचा हात धरला. अध्यक्षांनी पाणी मागवलं, पण त्या पाणी न पिताच उठल्या.

५

मुख्य कारकुनांच्या खोलीचं दार बाईंनी आत येऊन लावून घेतलं. दुपारचे दोन वाजले होते. साहेबांनी वर पाहिलं आणि त्यांना कळलं. माणसं इतकी वर्षं ओळखीची असली की फार बोलावं लागत नाही.

तरीही बाईंनी सगळं सांगितलं, एकेक करून, धडा वाचावा तसं. पाहिली नाही म्हणता, त्या पुस्तिकेत सातवं कलम कुठे येतं ते तुम्हाला कळलं कसं? छत्तीसशे पिना उघडून मिटायच्या, तर बोटांची चाळण होते. तुमची बोटं धड आहेत, कारण तुमची जुनी रबरी टोपी त्यात फाटली. आज कचेरी उघडताच तुम्ही नवी घेतलीत, आणि गठ्ठे बांधायला कचेरीतलं दोरीचं रीळ संपवलंत तेही भरून ठेवलंत, दुसऱ्या कुणाला कमी पडू नये म्हणून. गाठी मधोमध आल्या, कारण तुम्हाला वाकडी गाठ बघवत नाही.

"आणि कागद जाळलेला नाही, फाडलेला नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाळूच शकत नाही. चौतीस वर्षांत परवानगीशिवाय सरकारी कागद नष्ट केला नाहीत, तो आता कसा कराल? तो जतन केलेला असणार. चला, दाखवा."

ते उठले. शेजारच्या दप्तरखोलीत, खिडकीखालच्या फळीवर, अठरा गठ्ठे ओळीनं ठेवलेले होते. शंभर-शंभरचे. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांचं सुवाच्य अक्षर: 'सातवे कलम. शंभर प्रती. पाच वर्षे जतन करणे.' असली चोरी जगात दुसऱ्या कुणी केली नसती. एरवी बाईंना हसू आलं असतं.

"किती दिले अध्यक्षांनी तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी दचकून पाहिलं. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता आणि तो फार लागला.

"वहिनी," ते म्हणाले. कचेरीत त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच वापरला. "तुम्ही ते कलम वाचलंत?"

"अकरा वेळा."

"अक्षरं वाचलीत. मला माहीत आहे तुमचं वाचणं. आता एकदा मजकूर वाचा."

मुद्रितशोधकाला पहिला धडा हाच मिळतो, की अर्थात गुंतायचं नाही. अर्थात गुंतलं की डोळा पुढे पळतो आणि चूक सुटते. बाईंनी चाळीस वर्षं असंच वाचलं होतं, लग्नपत्रिका आणि निधनवार्ता एकाच डोळ्यानं. त्यांनी वरचा कागद घेतला, खिडकीशी नेला आणि पहिल्यांदा मजकूर वाचला. प्रत्येक सदस्यानं आणि कर्मचाऱ्यानं. ठेका किंवा नेमणूक. लपवलेलं नातं.

त्यांचा मुलगा पालिकेत पाण्याचे मीटर वाचायला होता.

छपराखालून वाचल्यावर तो चार वर्षं घराबाहेर पडला नव्हता. बोलणंही सोडलं होतं; विचारलं तर मान हलवी, नाहीतर भिंतीकडे बघत बसे. मग ही नोकरी लागली. दिवसाला दीडशे-दोनशे दारं ठोठवायची, प्रत्येक दारी 'मीटर बघायचाय' म्हणायचं. पहिल्या महिन्यात तेवढंच बोलला. मग हळूहळू घरी येऊन कुणाच्या कुत्र्यानं काय केलं ते सांगू लागला. आता तर जेवताना त्याला गप्प बस म्हणावं लागे.

"अर्ज मीच भरला होता त्याचा," साहेब म्हणाले. "पालिकेत कुणी नातेवाईक आहे का, असा रकाना असतो. मी 'नाही' लिहिलं. यादीत तो नववा होता, मी पहिला केला. आयुष्यात एवढं एकच पाप केलं आणि तेही चांगल्या अक्षरात."

मसुद्यात 'कर्मचाऱ्यानं' हा शब्द कुणी घातला, एवढंच बाईंनी विचारलं.

"अध्यक्षांनी. शेवटच्या सभेत. मला काढता आला नाही. का काढायचा ते सांगावं लागलं असतं." ते फळीला टेकले. "आणि ऐका. मेहुण्याचा ठेका गेल्या महिन्यातच त्याच्या ड्रायव्हरच्या नावावर झालाय. ड्रायव्हर कुणाचाच नातेवाईक नाही. उद्या हे कलम लागू झालं, तर सबंध पालिकेत त्यात एकच जण सापडतो, वहिनी. मी कागदपत्रं तपासली आहेत. एकच."

खाली अंगणात मीटर वाचणारे सहाही जण पुस्तिका वाटायला मिळतील म्हणून थांबले होते. त्यांच्या हसण्याचा आवाज वर येत होता, आणि त्यात मुलाचा आवाज बाईंना वेगळा ओळखू येत होता. त्या तिथेच मटकन बसल्या आणि रडल्या. साहेबांनी खिडकी लावून घेतली. उद्या पाच वाजले की सगळं आपोआप संपणार होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं.

पण बसून राहिलं तर काय होतं, हे बाईंनी पाहिलेलं होतं. मंडईच्या छपराची मापं घेताना एक कारकून असाच बसून राहिला होता, चौकशीत एक साक्षीदार बसून राहिला होता, आणि प्रत्येकाच्या घरी कुणीतरी असेलच की. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं लोक म्हणत राहिले म्हणूनच त्यांचे यजमान गेले होते.

"छापखानेवाल्याला बोलवा," बाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "कागद परत घालायचाय. टाचायचं मशीन आण म्हणावं, दोन."

"वहिनी, पोर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मशीन दोन."

६

दिवेलागणीच्या आत अठराशे प्रती पुन्हा पुऱ्या झाल्या. साहेब स्वतः कागद घालत होते, छापखान्याची माणसं टाचत होती. कसला घोळ झाला होता ते कुणी विचारलं नाही. अर्जातल्या त्या खोट्या 'नाही'ची कबुली देऊन साहेबांनी राजीनामा टपालात टाकला होता आणि त्यावर जावक क्रमांकही घातला होता.

बुधवारी सकाळी सहा जण सहा दिशांना गेले. प्रत्येकाकडे तीनशे घरं. मुलाला सांगायचं असं बाईंनी रात्रीही ठरवलं आणि सकाळीही. दोन्ही वेळा तो बोलत होता, आणि त्यांना त्याचं बोलणं तोडवलं नाही. कुठल्या गल्लीपासून सुरुवात करणार, कोणती म्हातारी चष्मा शोधण्यात अर्धा तास घालवणार, याचे त्याचे बेत चालले होते.

दुपारी त्या बाजारातून आल्या. अध्यक्ष खोटं बोलले नव्हते. वाण्यानं पुस्तिकेचा एक कागद फाडून त्यात जिरं बांधलं होतं. एका घराच्या ओट्यावर ती कुंडीखाली होती. शिंप्यानं तिच्या मागच्या कोऱ्या जागेवर कुणाची तरी मापं लिहिली होती. सह्या मात्र सगळ्यांनी केल्या होत्या; सही करायला गाव नेहमीच तयार असे.

चार वाजून गेल्यावर दार वाजलं. दार उघडंच होतं, तरी वाजलं.

मुलगा उंबऱ्याबाहेर उभा होता. एका हातात सह्यांची यादी, दुसऱ्यात शेवटची पुस्तिका. त्यानं आपलं घर सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. यादीत दोनशे नव्व्याण्णव सह्या झाल्या होत्या, एक ओळ कोरी होती. बाकी पाच जणांच्या याद्या कचेरीत जमा झाल्याही होत्या.

"सावलीत बसून वाचली मी," तो म्हणाला. "घरोघर देतोय ते आहे तरी काय, म्हणून."

सगळ्या गावात ती पुस्तिका वाचणारा तो एकटा निघाला होता, आणि त्यानं अक्षरं वाचली नव्हती, मजकूर वाचला होता.

"माझा फॉर्म आपल्या काकांनी भरला होता."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"काल कळलं."

किती वाजता वाचली, असं विचारायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. विचारायची गरज पडली नाही. पुस्तिकेची कडा घामानं ओली होऊन पुन्हा वाळली होती. सकाळीच वाचलेली असणार. त्यानंतरही त्यानं उरलेली दारं ठोठवली होती, प्रत्येक दारी पुस्तिका दिली होती आणि सही घेतली होती.

"नको करू म्हणालास तर नाही करत," बाई म्हणाल्या. हे आपण म्हणणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

मुलानं खिशातलं पेन काढून पुढे केलं. "बाबांच्या नावासमोर कर. घर अजून त्यांच्याच नावावर आहे." मग तो म्हणाला, "पाचच्या आत नेऊन द्यायचीय."

बाईंनी सही केली. त्यानं ती नीट वाळू दिली, यादी दुमडून पिशवीत ठेवली आणि निघाला. कोपऱ्यावर कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं मान हलवली.

चौथ्या दिवशी पालिकेच्या दारावर फलक लागला. बाई एकट्याच पाहायला गेल्या. मुलगा घरी होता आणि तीन दिवस एक शब्दही बोलला नव्हता. माणसं आत-बाहेर करत होती, ड्रायव्हर मंडईच्या नव्या कामाचे कागद घेऊन आत गेला, फलकाशी मात्र कुणी थांबत नव्हतं. भला मोठा फलक होता, पन्नास नावं मावतील एवढा. त्यावर एकच नाव होतं.

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. सवयीनं पुन्हा एकदा वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी होतं.